ओळख देणारा

पुण्याहून नगरला येणारी एसटी केडगावचा थांबा सोडून दोनशे फूट पुढं गेली आणि एक म्हातारी उतरायची राहिली, तर गाडी मागं घ्यावी काय? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आत पंचेचाळीस माणसं बसलेली. कुणाची नगरच्या कोर्टात तारीख, कुणाला लग्नाला जायचंय. लग्न दुसऱ्याचंच, पण घाई नवरदेवाची. बेंथॅम नावाच्या इंग्रज पंडितानं पुष्कळांचं पुष्कळ सुख पाहावं, असं सांगून ठेवलंय. त्या हिशेबानं गाडी पुढंच गेली पाहिजे. म्हातारीच्या सुखाची बाजू मांडायला गाडीत बहुधा कोणी नसतं. फार तर एखादा म्हणतो, "उतरा आजी इथंच, या चालत."

आता ही म्हातारी म्हणजे आमची आत्या, गाडी म्हणजे एक संगणक आणि ड्रायव्हर म्हणजे... थांबा, ड्रायव्हर हीच तर खरी भानगड आहे.

आत्या ऐंशीच्या पुढची. नजर जवळजवळ गेली, पण पेपरची भूक शाबूत. सकाळी घरात जो दिसेल (म्हणजे तिला जो ऐकू येईल) त्याला ती पकडून बातम्या वाचायला लावते. मी अग्रलेख गाळतो हे तिला अचूक कळतं. तेव्हा आमच्या इंजिनिअर पुतण्यानं ठरवलं की, आजीला वाचून दाखवणारं यंत्र करायचं. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू नावाचा एकाच पाटीवर मावणारा संगणक त्यानं आणला. २०२१ साली बाजारात आलेली ही पाटी साडेसहा सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद. ईस्पीक एनजी ही फुकट मिळणारी प्रणाली मराठी मजकूर मोठ्यानं वाचते. सगळं जमलं, पण त्या पाटीला हेडफोनचं भोकच नाही! पंडित आहे, पण तोंड नाही. म्हणून वर दुसरी छोटी पाटी बसवायची, आवाजाची. ती बसवली. आणि यंत्र मौनात गेलं.

पुतण्या दोन रात्री जागला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काका, कर्नल डाउनग्रेड करावा लागणार."

नगर पडलं लष्कराचं गाव. रणगाड्यांचं प्रशिक्षण इथं, रणगाड्यांचं संग्रहालय इथं. आत्या खाटेवरून म्हणाली, "अरे, त्या कर्नलनं काय केलं बिचाऱ्यानं? मेजर करताय का त्याला?"

हा कर्नल तो नव्हे. हा लिनक्सचा गाभा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानं तो लिहायला घेतला आणि आज तो मोबाइलपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे राबतो. यंत्राचा प्रत्येक अवयव त्याच्याशी दुभाष्यामार्फत बोलतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. आवाजाच्या पाटीबरोबर तिच्या कंपनीनं दिलेला दुभाष्या जुन्या गाभ्यासाठी घडवलेला होता. नव्या गाभ्यानं त्याच्यावरचा शिक्का पाहिला आणि दारातून परत पाठवला. आम्हा केडगावकरांना यात नवल वाटत नाही. केडगाव दोन आहेत. एक आमचं, दुसरं दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. नाव जुळलं तरी तालुका जुळायला लागतो.

मग दुभाष्याला नव्या गाभ्याच्या मापानं पुन्हा शिवून काढता येत नाही का? येतो. त्यासाठी डीकेएमएस नावाचा शिंपीही आहे. पण इथं कापडच बदललेलं. एक मासला सांगतो. आय-टू-सी या तारांवरचे ड्रायव्हर काम संपवून जाताना गाभ्याला एक आकडा सांगून जात. शून्य म्हणजे सगळं ठीक. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ क्रमांकाच्या गाभ्यात ठरलं की, जाणाऱ्यानं काही बोलायचं नाही, मुकाट्यानं जायचं. उवे क्लाइने-क्योनिग या जर्मन गृहस्थानं हा बदल केला; पण नुसता नियम काढून ते घरी गेले नाहीत. गाभ्याच्या घरात नांदणारे असे शेकडो ड्रायव्हर होते, त्या सगळ्यांची वाक्यं त्यांनी स्वतः दुरुस्त केली. त्या घराची रीतच तशी आहे. रीत बदलेल त्यानं घरातल्या प्रत्येकाची सोय लावायची. जो घराबाहेर बिऱ्हाड करून राहिला, त्याचं त्यानं पाहायचं. आमच्या पाटीचा दुभाष्या बाहेर राहणारा. त्याच्याकडं कोण बघणार?

वाचक म्हणतील, चांगली कडक शिस्त! मलाही पहिल्यांदा ती कडकच वाटली. पण एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला तिच्यातला न्याय समजतो. वेगळं राहायचं स्वातंत्र्य हवं आणि दिवाळीचा फराळही घरपोच हवा, हे कसं जमायचं? माझी अडचण निराळीच आहे. वेगळं राहायचं ठरवलं त्या कंपनीनं आणि बातम्या बंद झाल्या आत्याच्या. तिनं कुठल्याच कागदावर सही केली नव्हती.

"मग मागं जाऊ या ना," मी पुतण्याला म्हटलं. कॉमर्सचा पदवीधर मागं जायला कधी कचरत नाही. मार्चअखेर ताळेबंद जुळला नाही की आम्ही थेट एप्रिलपर्यंत मागं जातो.

"काका, मागं गेलो की कायमचं मागं राहावं लागतं. नवीन काही घ्यायचंच नाही, घेतलं की आवाज बंद. गाभ्यातली जी चोरदारं मधल्या काळात बुजवली, ती पुन्हा उघडी. आणि हे यंत्र घरच्या वायफायवर असणार. त्याच वायफायवर काकू पैसे पाठवते."

म्हणजे आत्याच्या बातम्यांसाठी सगळ्या घरानं दार उघडं टाकून झोपायचं. आणि तसं नको असेल, तर आत्यानं गप्प बसायचं. जगातले बहुतेक तंटे असेच आपल्यापुढं दोन दारं करून उभे राहतात. आपण त्यातलं एक दार निवडतो आणि त्यालाच तत्त्व म्हणतो.

तिसरं दार पुतण्याला सापडलं, तेही पाटीवरच. भिंग लावून त्यानं तिच्यावरच्या मुख्य चिपचं नाव वाचलं. डब्ल्यूएम ८९६०. ही चिप एडिंबरोच्या वुल्फसन कंपनीची. ती कंपनी २०१४ साली सिरस लॉजिकनं विकत घेतली. माहेर विकलं गेलं; पण या चिपचा स्वतःचा दुभाष्या फार पूर्वीच गाभ्याच्या एकत्र कुटुंबात दाखल झाला होता आणि जेवूनखाऊन सुखी होता. ६.१ च्या वेळी त्याचंही वाक्य दुरुस्त झालं होतं. आम्ही बाहेरून दुभाष्या आणत होतो आणि घरातला कोपऱ्यात बसून होता!

मग तो बोलत का नव्हता? कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की पाटी आलीय. यूएसबीचा पाहुणा दारातच आपलं नाव सांगतो. आय-टू-सीवरची चिप जुन्या काळच्या नव्या नवरीसारखी, विचारल्याशिवाय बोलायची नाही. ती कुठल्या तारेवर आहे, तिचा पत्ता काय (आपल्या दशमान हिशेबानं २६), आवाज कुठून जाणार, हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून गाभ्याला द्यावं लागतं. तिला डिव्हाइस ट्री ओव्हरले म्हणतात. या चिपची तयार चिठ्ठी रास्पबेरी पायच्या गाभ्याबरोबरच येते. सुरुवातीच्या फायलीत एक ओळ घालायची, ती पाटीच्या जोडणीशी जुळते का पाहायचं आणि यंत्र पुन्हा चालू करायचं. मागं जायचं कारण नाही.

पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर ओळख देणारा लागे. एखाद्या जुन्या खातेदारानं फॉर्मवर सही करायची, की या माणसाला मी ओळखतो. त्या सहीनं तो कर्जाला जामीन होत नसे की नव्या माणसाची पत वाढत नसे. बँकेचा एकही नियम बदलावा लागत नसे आणि उघड्यावरचा माणूस आत येई. आता कागदपत्रांवर काम भागतं, ते योग्यच. पण त्या सहीत एक काम होतं, ते कागदाला अजून नीटसं जमलेलं नाही. नव्याची भाषा येणाऱ्यानं जुन्याची चौकशी करायची आणि दोघांची गाठ घालून द्यायची. हे काम कुणाचं, असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं. ज्याला समजतं त्याच्या अंगावर ते पडतं. समजणं ही तशी महागात पडणारी गोष्ट आहे.

आत्या आता रोज सकाळी बातम्या ऐकते. आवाज एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखा येतो, हेल कुठल्याच जिल्ह्याचा नाही. पहिल्या दिवशी तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वाचतो बरा," ती म्हणाली. "आणि अग्रलेख गाळत नाही."