शिकवणीतला सोयीचा भाग

सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रातिस्लाव्हात जेझुइट धर्मगुरूंशी गप्पा मारताना पोप फ्रान्सिस यांनी एका मोठ्या कॅथलिक वाहिनीचा विषय काढला. ती पोपविषयी सतत वाईटसाईट बोलते. मी पापी आहे, मला शिव्या मिळाल्या तर हरकत नाही, पण चर्चला नकोत, हे सैतानाचे काम आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. नाव त्यांनी घेतले नाही. तरी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आली ती अमेरिकेतली ‘ईडब्ल्यूटीएन’च.

गंमत अशी, की पोपनिष्ठा हेच या वाहिनीचे भांडवल. मदर अँजेलिका या धर्मभगिनीने १९८१ मध्ये अलाबामातल्या आपल्या मठाच्या गॅरेजमधून ती सुरू केली. मदार सारी देणग्यांवर. गॅसच्या आणि विजेच्या बिलांमध्ये आमचेही पाकीट ठेवा, असे त्या प्रेक्षकांना सांगत, आणि पाकिटे येत. अंथरुणाला खिळलेल्यांना मिस्सा आणि रोझरी घरबसल्या मिळाली, ही काही लहान सेवा नव्हे.

निष्ठेला अटी मात्र तेव्हाही होत्या. मिस्सेविषयीच्या पत्रात लॉस एंजेलिसचे कार्डिनल रॉजर महोनी यांनी मिस्सेतल्या भाकरीत ख्रिस्ताच्या असलेल्या प्रत्यक्ष उपस्थितीला कमी लेखले, असा मदरचा समज झाला. १९९७ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यासमोरच जाहीर केले, की त्या धर्मप्रांतात आपण असतो, तर आपले आज्ञापालन शून्य असते. नंतर माफी मागितली, पण टीका सोडली नाही. २००० मध्ये, रोमची तपासणी चालू असतानाच, त्यांनी वाहिनीची सूत्रे प्रापंचिक विश्वस्तांकडे सोपवली.

हा बदल वाटतो त्याहून मोठा होता, हे एका जुन्या उदाहरणावरून कळते. १९३० च्या दशकात फादर चार्ल्स कॉफलिन रेडिओवरून कोट्यवधींना कामगारांच्या हक्कांवरची पोपची परिपत्रके ऐकवत आणि त्याच आवाजात पुढे ज्यूद्वेषही ओकू लागले. डेट्रॉइटच्या एका बिशपने त्यांना पाठीशी घातले. १९४२ मध्ये दुसऱ्याने राजकारण बंद करा असे बजावले आणि ते गप्प बसले. ‘ईडब्ल्यूटीएन’ला असे गप्प करणे कोणत्याही बिशपला सोपे नाही. तिची नाडी पाकिटे पाठवणाऱ्यांच्या हाती.

या वाहिनीवर गर्भपाताविरुद्ध जे सांगितले जाते ते चर्चचेच आहे. त्यात खोट नाही. खोट आहे ती मोजमापात. पोपनी २०१८ मध्ये देहदंड अग्राह्य ठरवला, तेव्हा वाहिनीवरच्या ‘द वर्ल्ड ओव्हर’मधले विश्लेषक पोपचीच चूक काढत बसले. त्याचा सूत्रसंचालक रेमंड अरोयो ‘फॉक्स न्यूज’वरही झळकतो. रिपब्लिकन पक्षाला जे पचते ते अढळ सिद्धान्त, जे पचत नाही ते पोपचे खासगी मत! पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात मतभेद म्हणजे बंडखोरी होती; फ्रान्सिस आल्यावर तीच सदसद्विवेकाची हाक झाली.

उदारमतवादी कॅथलिकांचेही तेच. त्यांना स्थलांतरित आठवतात, न जन्मलेले बाळ आठवत नाही. शिकागोचे कार्डिनल क्युपिच यांनी २०२५ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर डिक डर्बिन यांना स्थलांतरितांसाठीच्या कामाबद्दल पुरस्कार जाहीर केला. गर्भपाताच्या हक्काला डर्बिन यांचा पाठिंबा असल्याने गदारोळ उठला. त्यावर फ्रान्सिस यांच्यानंतरचे पोप लिओ म्हणाले, की गर्भपाताला विरोध करून देहदंडाला होकार देणारा माणूस खऱ्या अर्थाने जीवनवादी नाही. अमेरिकेतल्या स्थलांतरितांना मिळणाऱ्या अमानुष वागणुकीला होकार देणारा तरी जीवनवादी आहे का, ठाऊक नाही, असेही ते म्हणाले. डर्बिन यांनी पुरस्कार घेतला नाही. लिओ मूळचे शिकागोचेच; त्यामुळे अमेरिका न कळणारा परका पोप, ही पळवाट वाहिनीला आता उरलेली नाही.