शब्द सुटा शिकू नये

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुलं पुष्कळ. शब्दांच्या याद्या घोकून होतात, गुणही चांगले पडतात. पण एखादं फ्रेंच गाणं लागलं की पाठ असलेला शब्दसुद्धा कानाला सापडत नाही. यादीतला शब्द सुटा असतो आणि बोलणाऱ्याच्या तोंडी तो सहसा सुटा येत नाही, हे त्याचं कारण. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की फ्रेंच शब्द एकटा शिकू नये, सोबत्यांसह शिकावा. हे सोबती गाणं जुळवून देतं आणि रोजचा व्यवहार ते पक्के करतो.

आधी लिंगाचं पाहू. फ्रेंचमध्ये लिंगं दोनच, आणि ती मराठीशी जुळतीलच असं नाही. आपला समुद्र पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. यादीवरून हे ध्यानात राहणं कठीण. पण शार्ल त्रेने या फ्रेंच गायकाचं १९४६ सालचं ‘ला मेर’, म्हणजे ‘समुद्र’, हे गाणं ज्याच्या कानात बसलं, तो पुल्लिंगी ‘ल’ लावून ‘ल मेर’ म्हणायला धजणार नाही. ‘ला’ हे स्त्रीलिंगी उपपद शब्दाला चिकटूनच त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं आणि ते बदललं की चालच खटकते.

शब्द एकमेकांत मिसळतात, ही पुढची अडचण. स्ट्रोमाए या बेल्जियन गायकाच्या २०१३ सालच्या गाण्याचं नाव आहे ‘पापाउते’. शब्दकोशात असा शब्द मिळणार नाही. पाठ्यपुस्तकात ‘तू कुठे आहेस?’ हा प्रश्न ‘ऊ ए त्यू?’ असा शिकवतात. घरातलं मूल मात्र ‘ऊ ते?’ एवढंच म्हणतं. त्यापुढे ‘पापा’ लावून, जसं कानावर पडतं तसं सलग लिहिलं की हे नाव तयार होतं: बाबा, कुठे आहेस तू? स्ट्रोमाएचे वडील १९९४च्या रवांडातल्या नरसंहारात मारले गेले. हे ठाऊक झाल्यावर तो प्रश्न पुन्हा घोकावा लागत नाही.

इथे एक रास्त शंका निघते. गाण्यातला उच्चार बोलण्यातल्यापेक्षा वेगळा असतो, मग कान चुकीचाच घडणार नाही का? ‘फ्रेर झाक’ हे बालगीत घ्या. बोलताना या नावात दोनच उच्चारखंड, पण गाताना चार सूर लागतात: फ्रे-र-झा-क. शब्दांच्या शेवटचा, एरवी मुका असणारा स्वर गाण्यात बोलका होतो. मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. आपण बोलताना ‘राम्’ म्हणतो, पण श्लोक म्हणताना शेवटचा ‘अ’ पुरता उच्चारतो, नाहीतर वृत्त मोडतं. गाणं शब्द उलगडून दाखवतं, बोलणं तो मिटून घेतं. उलगडलेला शब्द एकदा ऐकलेला असला की मिटलेलाही ओळखू येतो.

पण मिटलेला शब्द बोलण्यातच भेटतो, म्हणून गाण्यावर थांबून चालत नाही. पॅरिसमधल्या पावाच्या दुकानात, म्हणजे बुलांझरीत, आधी ‘बाँझूर’, नमस्कार, म्हणायचं. त्याशिवाय काही मागणं उद्धटपणाचं. मग ‘युन बागेत, सिल वू प्ले’, म्हणजे एक बागेत पाव द्या, कृपया. पाव हातात देताना दुकानदारीण विचारते, ‘अवेक ससी?’ शब्दशः ‘यासोबत?’, म्हणजेच ‘आणखी काही?’ दोन्ही शब्द साधेच, पण असा प्रश्न होतो हे कळायला गल्ल्यासमोर उभं राहावं लागतं. ‘से तू, मेर्सी’, एवढंच, आभार, असं उत्तर द्यायचं आणि निघताना ‘बॉन झुर्ने’, दिवस चांगला जावो. हा सगळा संवाद ठरलेल्या क्रमाने चालतो आणि गाण्यासारखाच सरावाने तोंडात बसतो.

गाणं आणि व्यवहार यांची ये-जा एका वाक्प्रचारात सुरेख दिसते: ‘मेत्रो, बुलो, दोदो’. मेट्रो, काम, झोप. रोजचं तेच ते रहाटगाडगं. यातला ‘दोदो’ हा अंगाईतला शब्द, आपल्या ‘गाई गाई’सारखा. पिएर बेआर्न या कवीने १९५१ साली कामगारांच्या दिनक्रमावरच्या कवितेत हे तिन्ही शब्द आणले, फ्रान्समधल्या १९६८च्या आंदोलनात त्यांची घोषणा झाली, आणि आज कंटाळलेला नोकरदार ते सहज उच्चारतो. तीन शब्दांच्या शेवटी तोच ‘ओ’ असल्यामुळे एक आठवला की उरलेले दोन आपसूक येतात.

शिकणाऱ्याने यातून एक सवय लावून घ्यावी. एक गाणं निवडावं, आधी मजकूर न पाहता ऐकावं, मग पाहून ऐकावं. त्यातले शब्दांचे दोन-तीन जोड उचलून त्याच दिवशी वापरावेत. घरात दूध ओतताना नुसतं ‘ले’ म्हणू नये, ‘द्यु ले’, थोडं दूध, असं म्हणावं. ऐकायला कुणी फ्रेंच माणूस नसला तरी बिघडत नाही. जिभेला वळण लागतं. आपल्याला किती शब्द येतात हे मोजण्यात अर्थ नाही. एक शब्द उच्चारला की त्याच्यामागून किती शब्द न बोलावता येतात, यावरून आपलं फ्रेंच किती पुढे गेलं ते ठरतं.