‘असू दे बरोबर, लागेल!’



आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. तिकडे जून ते ऑगस्टच्या सुट्टीत मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे छोटे घरच, घेऊन रानात मुक्काम करण्याची मोठी हौस. बिछाना, शेगडी, फ्रीज सारे गाडीतच असते. म्हणजे सामानाचा प्रश्न सुटला असे वाटते, पण खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. कायद्यानुसार या गाड्यांच्या दारापाशी आतून एक पिवळी पट्टी लावतात : माणसे आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या वर वजन नको. टाकीतले पाणीही त्यातच. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, दोन धडधाकट माणसेच म्हणा ना! आजी, नातू आणि पाचवी कढई यांची त्या पट्टीवर एकच बेरीज होते. वजन वाढले की उन्हात टायर तापून फुटतो, ब्रेक दाबूनही गाडी लवकर थांबत नाही.

एवढे सामान वाढते ते ‘असू दे, लागेल’ या एका वाक्याने. त्यामागे आम्हाला एक भीती दिसते : कुणापुढे हात पसरावा लागू नये. संत मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय ६) प्रभू येशू बारा प्रेषितांना पाठवतो, तेव्हा काठी आणि वहाणा एवढ्यावरच. भाकर, झोळी, पैसे, दुसरा अंगरखा काही नाही. झोळी भरलेली असती तर त्यांनी कुणाचे दार कशाला ठोठावले असते?

पण संत मत्तयच्या २५व्या अध्यायात जादा तेल घेणाऱ्या कुमारिका शहाण्या ठरतात. मग खरे काय? आमच्या मते, ते तेल त्या रात्री दुसरे कुणी देऊ शकत नव्हते. रक्तदाबाच्या गोळ्या म्हणजे असे तेल; त्या विसरून चालणार नाही. मीठ मात्र शेजारच्या गाडीत मागता येते. जळणाचे लाकूड तर घरून आणूच नका, इथेच घ्या, असे तिकडे बजावतात. अ‍ॅशची झाडे पोखरणारी एक आशियाई कीड २००२ साली मिशिगनमध्ये आढळली. लोकांनी बरोबर नेलेल्या लाकडातून ती दूरदूर पसरली आणि कोट्यवधी झाडे गेली.

हलक्या सामानातही एक फसगत आहे. पहिल्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ सेनेका एका पत्रात दोन दिवसांच्या साध्या प्रवासाचे वर्णन करतो. जमिनीवर गादी, जेवण साधे, मन प्रसन्न. सोबत गुलाम मात्र एका गाडीत मावतील तेवढे! ते त्याला ‘अगदी थोडे’ वाटले. वाटेत श्रीमंतांचा लवाजमा भेटला की आपल्या साधेपणाची लाज वाटते, हे तो प्रांजळपणे कबूल करतो. पण आपले ओझे कोण उचलते आहे, हा प्रश्न त्याला पडत नाही.

आपल्या घरांतही ‘मी तर एकच पिशवी घेतली’ असे म्हणणारे पुरुष आहेत. त्यांचा टॉवेल, दाढीचे सामान आणि मुलांचे कपडे कुणाच्या बॅगेत असतात, ते निघण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे.