हात बाहेर येईपर्यंत

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका शनिवारी मी डेट्रॉइटला मॉन्स्टर ट्रकचा शो बघायला गेले. सोबत मैत्रीण आणि तिचा सात वर्षांचा मुलगा ओजस. खरं तर तिकिटं त्या दोघांचीच होती. ‘तू कॅमेरा घेऊन ये, ओजसचे फोटो काढ,’ एवढ्यावर मला ओढलं गेलं. मी ॲन आर्बरला पोस्टडॉक करते. इथल्या हिवाळ्यात शनिवारी घरी बसून पेपर लिहिण्यापेक्षा काहीही बरं, या न्यायाने मी निघाले.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फुटबॉलच्या बंदिस्त मैदानावर ट्रक भरभरून माती आणून ओततात, तिचे उंचवटे करतात आणि त्यावरून हे राक्षसी ट्रक उड्या मारतात. एकेक चाक ६६ इंच उंच, म्हणजे माझ्याहूनही उंच. वजन साडेपाच टनांच्या आसपास, ताकद सुमारे १,५०० अश्वशक्ती, इंधन मिथेनॉल. छत बंद असल्यामुळे आवाज बाहेर जायला वाव नसतो, तो छातीत वाजतो. लहान मुलांच्या कानांवर मोठे हेडफोन चढवलेले असतात. ओजसने निळे लावले होते.

शोच्या दुसऱ्या भागात, चालक आपापल्या मर्जीने कसरती करतात तेव्हा, एका ट्रकने मोठ्या उंचवट्यावरून झेप घेतली. त्याचं नाक खाली गेलं, तो पुढच्या चाकांवर आपटला, क्षणभर उभा राहिला आणि पाठीवर पालथा झाला. माझ्या कॅमेऱ्याने त्या वेळात २२ फोटो काढले. मी लगेच मान खाली घालून मागच्या पडद्यावर ते बघायला लागले. एक तर अप्रतिम होता. ट्रक हवेत जवळजवळ सरळ उभा, मातीचा फवारा, वरच्या दिव्यांचा प्रकाश बरोबर चाकांच्या खाचांवर. तेवढ्यात ओजसने माझी बाही ओढली. ‘मावशी, ते काका बरे आहेत का?’

मला माहीत नव्हतं. मी वर बघितलं तेव्हा चालक बाहेर येऊन लोकांना हात करत होता. त्याचा हात खिडकीतून पहिल्यांदा बाहेर आला तो क्षण मैदानातल्या हजारो लोकांनी पाहिला असेल. मी तो पाहिला नाही, मी माझा फोटो बघत होते.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. पण आधी थोडं फोटोच्या तंत्राविषयी, कारण माझी अडचण तिथूनच सुरू होते.

बंदिस्त मैदानात डोळ्यांना लख्ख वाटणारा प्रकाश कॅमेऱ्याला अपुरा असतो. लेन्स एफ २.८ पर्यंत उघडायची, आयएसओ ३,२०० किंवा ६,४०० वर न्यायचा, तेव्हा कुठे शटरला हवा तो वेग मिळतो. तो किती हवा हे आपणच ठरवायचं. ट्रक ताशी ६० किलोमीटरने धावत असेल तर त्याच्या टायरची कड आसाभोवती सेकंदाला साधारण १७ मीटर वेगाने फिरते. शटर एक हजारांश सेकंद उघडं राहिलं तर त्या वेळात ती दीड-पावणेदोन सेंटिमीटर सरकते. फोटोत टायरची प्रत्येक खाच स्वच्छ दिसते आणि ट्रक चक्क पार्किंगमध्ये उभा केल्यासारखा वाटतो. शटर एक साठांश सेकंद ठेवलं आणि ट्रकबरोबर कॅमेरा फिरवत नेला, तर कड वीतभराहून जास्त सरकते, चाक धूसर होतं, मागची गर्दी रेघांमध्ये विरघळते, आणि वेग ‘दिसतो’. दोन्ही फोटो एकाच ट्रकचे आणि दोन्ही खरे. काय दाखवायचं हे मात्र बटण दाबायच्या आधी ठरलेलं असतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. माणसाला काही दिसून बोट हलायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात हा ट्रक तीन मीटरहून पुढे गेलेला असतो. म्हणजे ट्रक उलटताना दिसला आणि मग मी बटण दाबलं, तर नेमका क्षण हुकतो. तो मिळवायचा असेल तर आधीपासूनच दाबायला सुरुवात करावी लागते. माझे ते २२ फोटो अपघाताने मिळाले नव्हते. मी उलटण्याची वाट बघत होते.

इथे कुणी म्हणेल, वाट बघणं वेगळं आणि इच्छा करणं वेगळं. हवामान खातं वादळाचा अंदाज देतं म्हणून त्याला वादळ हवं असतं असं नाही. बरोबर आहे. पण या दोन गोष्टींत फरक करायची एक सोपी कसोटी आहे: अंदाज चुकला तर काय वाटतं? वादळ आलं नाही तर अंदाज देणारा थोडा खजील होईल, पण गावं वाचली म्हणून त्याला बरंही वाटेल. त्या संध्याकाळी आधीचे तीन ट्रक तशाच उडीनंतर चारही चाकांवर नीट उतरले होते. तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं ते मला आठवतं. ‘श्शी!’ असं मी म्हणाले होते. एक माणूस सुखरूप जमिनीवर आला आणि मी ‘श्शी’ म्हणाले. म्हणजे मला ते हवं होतं.

मग प्रश्न असा, की नुसतं हवं असण्यात वाईट काय? माझ्या इच्छेने ट्रक उलटत नाही. मी प्रेक्षकांत कुठेतरी वर बसलेली बाई. माझ्या मनात काय चाललंय याचा चालकाच्या स्टिअरिंगशी काय संबंध?

हे उत्तर मला काही दिवस पुरलं, पण ते पूर्ण खरं नाही. मॉन्स्टर जॅमसारख्या मोठ्या शोमध्ये कसरतींचे गुण प्रेक्षकच आपापल्या फोनवरून देतात. आम्हीही दिले होते. जो चालक जपून खेळतो त्याला आम्ही सहा देतो आणि जो उलटायच्या बेताला येऊन सावरतो त्याला नऊ. हजारो लोकांची ‘नुसती इच्छा’ अशी एकत्र होऊन आकडा बनते, आणि पुढच्या चालकाला तो आकडा कळतो. माझा वाटा नगण्य असेल, पण तो शून्य नाही.

हा खेळ जन्मापासूनच बघणाऱ्यांच्या इच्छेवर वाढला आहे. सेंट लुईसजवळ गॅरेज चालवणाऱ्या बॉब चँडलरने १९८१ मध्ये आपला ‘बिगफूट’ एका शेतात दोन भंगार गाड्यांवरून नेला. गंमत म्हणून केलेल्या त्या उद्योगाचं चित्रीकरण झालं, ते दुकानात दाखवलं गेलं, ते बघून एका आयोजकाने हाच प्रकार लोकांसमोर करायला सांगितलं. दोन-तीन वर्षांत आमच्या इथून जवळच असलेल्या पाँटियाकच्या सिल्व्हरडोमसारखी प्रचंड मैदानं त्याने भरायला लागली. आधी गाड्या चिरडणं पुरलं, मग उड्या लागल्या, मग उलट्या.

दुसरा बचाव अधिक वजनदार आहे. मला ट्रक उलटायला हवा होता, चालकाला लागायला नको होतं. आणि या ट्रकची रचनाच त्यासाठी असते. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, खांद्यांवरून आवळलेले पट्टे, हेल्मेट, मानेला आधार. शिवाय मैदानाच्या कडेला उभा असलेला अधिकारी दुरूनच इंजिन बंद करू शकतो. चालक सज्ञान आहे, प्रशिक्षित आहे, राजीखुशीने आत बसलेला आहे. सर्कशीतल्या झुल्याखाली जाळी असते तसंच हे. लहानपणी आजोळी, जुन्नरजवळ, यात्रेत बैलगाडा शर्यत बघायला आम्ही घाटाच्या कडेला गर्दी करायचो. तिथे बैलाला कुणी विचारलं नव्हतं. इथे निदान तो प्रश्न नाही.

हा बचाव मी बराचसा मान्य करते. तरी त्यात दोन भोकं राहतात. एक म्हणजे पट्टे आणि पिंजरा फक्त आतल्या माणसासाठी असतात. २००९ मध्ये टॅकोमाच्या बंदिस्त मैदानात ट्रकचा तुटून उडालेला तुकडा लागून प्रेक्षकांतला सहा वर्षांचा मुलगा गेला. त्याने कशालाच संमती दिलेली नव्हती. तो ओजससारखा कुणाचा तरी हात धरून आला असणार. दुसरं भोक माझ्याच मनात आहे. धोका खोटा आहे अशी मला पक्की खात्री असती तर मी एवढी टक लावून बसलेच नसते. सुरक्षितता खरी हवी आणि धोकाही खरा वाटायला हवा, अशी माझी दुहेरी मागणी असते. यातली पहिली मी तत्त्व म्हणून मागते आणि दुसरीसाठी पैसे मोजते.

फोटो या मागणीत माझ्या बाजूने उभा राहतो. माझ्या त्या ‘अप्रतिम’ फोटोत पुढचा क्षण नाहीच. ट्रक कायमचा हवेत आहे, आतला माणूस वाचला की नाही हे त्या चौकटीला ठाऊक नाही, आणि तेच तिचं सौंदर्य आहे. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने पालो आल्टोला धावत्या घोड्याचे पाय टिपले, तेव्हा त्याने ओळीने बारा कॅमेरे लावले होते. चारही पाय अधांतरी असलेला घोडा लोकांनी पाहिला आणि चकित झाले. पण शेजारच्याच चौकटीत तो घोडा पुन्हा जमिनीवर होता. मी २२ पैकी २१ चौकटी बाजूला टाकल्या आणि एकच ठेवली.

तो फोटो त्याच रात्री मी घरच्या ग्रुपवर टाकला. भावाने आगीचे इमोजी पाठवले, वहिनीने ‘बापरे’. पुण्यात सकाळ झाली होती. आईने चष्मा लावून बघितला असावा, कारण तिचं उत्तर थोड्या वेळाने आलं: ‘आतल्या माणसाला लागलं का गं?’

सात वर्षांच्या ओजसने आणि ६८ वर्षांच्या माझ्या आईने एकच प्रश्न विचारला होता. ‘नाही, बरा आहे,’ असं मी लिहिलं, पण दाखवायला माझ्याकडे तसा एकही फोटो नव्हता.

यात माझ्या कामाचाही भाग आहे. प्रयोगशाळेत मी पदार्थ कसे तुटतात ते बघते. काचेत तडा सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने पळू शकतो. तो टिपायला अतिवेगवान कॅमेरा लागतो, आणि नमुना तुटला नाही तर आमचा दिवस वाया जातो. ‘तूट बाई एकदाची’ असं मी काचेच्या पट्टीला रोज मनातल्या मनात म्हणते. तिथे त्यात काही वावगं नाही, काचेची आई पुण्यात वाट बघत नसते. पण सवय ही प्रयोगशाळेच्या दारात कोटाबरोबर टांगून ठेवता येत नाही. ॲरिस्टॉटल सद्गुणांविषयी म्हणतो की आपण जे वारंवार करतो त्यानेच घडत जातो. मला वाटतं, आपण ज्याची वारंवार वाट बघतो त्यानेही. माझ्या इच्छेने ट्रकचं काही होत नसेल, पण माझं होतं. माणूस पालथा पडलेला असताना मी पडद्यात बघत होते, हे त्याचंच फळ.

म्हणून शोला जाऊच नये? मला तसं वाटत नाही. ओजसला ते ट्रक मनापासून आवडतात, आणि त्या चालकांचं कौशल्य खरोखर बघण्यासारखं आहे. मी एक छोटा नियम तेवढा केला. ट्रक उलटला की आतला हात बाहेर येईपर्यंत मान खाली घालायची नाही, आणि पाठवायचाच झाला तर तोही फोटो पाठवायचा.

यंदा आम्ही पुन्हा गेलो. एक ट्रक कुशीवर कलंडला. माझा उलटण्याचा फोटो साधारणच आला. नंतर मी लेन्स खिडकीवर धरून ठेवली, किती वेळ ते मोजलं नाही. हातमोजा बाहेर आला तेव्हा माझाच हात हलला. फोटो धूसर आहे, त्यात एक लाल डाग आणि बोटांसारखं काहीतरी दिसतं. आईला दोन्ही पाठवले. तिने दुसऱ्यावर अंगठा टाकला.

त्या आधी दोन ट्रक नीट उतरले होते. तेव्हा मी ‘श्शी’ म्हटलं नाही, पण मनात ते आलं होतं.