उरलेल्या वर्षांचा भागाकार

पडलेल्या दाताच्या जागी दुसरा बसवावयाचा म्हटले, की दंतवैद्य सामान्यतः तीन वाटा पुढे ठेवतात. पहिली काढता-घालता येणाऱ्या दाताची. दुसरी ब्रिजची, तिच्यात शेजारचे दोन दात, पुष्कळदा अगदी निरोगी असलेले, घासून त्यांच्यावर टोप्या चढवतात आणि मधला कृत्रिम दात त्यांच्या आधाराने उभा करतात. तिसरी इम्प्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवून त्यावर दात बसवण्याची. पहिली वाट थोडक्या पैशांत आटोपते, पण पाच-सात वर्षांत पुन्हा खर्च काढते. ब्रिज दहा-पंधरा वर्षे चालतो. इम्प्लांटला एका दातामागे वीस हजारांच्या पुढे मोजावे लागतात. मात्र नीट जपले तर ते वीस वर्षांहूनही अधिक टिकते. रकमेला वर्षांनी भागले, की पुष्कळदा महाग तेच स्वस्त ठरते.

हा भागाकार आपल्या भालकी-औरादच्या शेतकऱ्याला नवा नाही. विहिरीवरची मोटार घेताना तो हेच करतो. परंतु मोटार मुलाच्या कामी येते. बीदरची बिदरी सुरई जस्त-तांब्याच्या मिश्रणाची, किल्ल्यातल्या मातीने काळी केलेली, चांदीच्या तारेने मढवलेली. ती तर नातवापर्यंत जाते. दात कोणाला वारसाहक्काने देता येत नाही. त्यामुळे येथे भाजक म्हणून दाताचे आयुष्य धरून चालत नाही. दात आणि माणूस यांत जो आधी संपेल त्याचे आयुष्य धरावे लागते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 साली योस्ता लार्सन या गृहस्थाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. 2006 साली लार्सन वारले तेव्हाही ते कामात होते. चाळीस वर्षे टिकणारी ही वस्तू चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीला देणे शहाणपणाचे आहे का, असा प्रश्न घरातले लोक विचारतात. मोठ्याने विचारत नाहीत, एवढेच.

या प्रश्नात एक क्रूरपणा लपलेला आहे. वय वाढेल तसा भाजक लहान होतो, दर वर्षाचा खर्च फुगतो, आणि माणूस जितका म्हातारा तितकी त्याची गरज कमी मोलाची ठरत जाते. पण आमच्या भागातली ज्वारीची कडक भाकरी उद्या सकाळी चावायची असते; सरासरीने चावता येत नाही. दाढा गेल्यावर भाकरी वरणात कुस्करून खाण्यात अपमान नाही, हे खरे. रोज सगळ्यांच्या नंतर, वेगळे भिजवलेले खाणे मात्र माणसाला पंक्तीतून हळूहळू उठवते.

प्राचीन रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, प्रेताबरोबर सोने पुरण्यास वा जाळण्यास बंदी होती. अपवाद एकच: ज्याचे दात सोन्याने जोडलेले असतील त्याच्या दातांतले सोने तसेच राहू द्यावे. उधळपट्टीच्या विरोधात एवढ्या कठोर असलेल्या कायद्यानेही बसवलेला दात संपत्तीत धरला नाही, देहात धरला. मला ही समज भागाकारापेक्षा शहाणी वाटते.

तरीही पैसा कोणाचा, हे विचारल्यावाचून गत्यंतर नाही. सर्वसाधारण आरोग्य विम्यातून दाताचा खर्च सहसा मिळत नाही. तो तुरीच्या पैशांतून निघतो, आणि त्याच पैशांवर नातीच्या कॉलेजची फी अवलंबून असते. अशा वेळी आजी म्हणते, ‘मला नको बाळा, आता किती दिवस राहिले?’ हे वाक्य ऐकताच घरातल्यांना सुटल्यासारखे वाटते. म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. आयुष्यभर शेवटी जेवायला बसलेल्या बाईचा नकार ही तिची इच्छा असते की सवय? आणि सवय असली, तरी तिच्यावर महागडी वस्तू लादण्याचा अधिकार मुलाला पोचतो का? मला वाटते, पोचत नाही. पण फीचा आकडा तिच्या कानावर न घालता आणि स्वस्त वाटांची माहिती न देता तिचा नकार पदरात पाडून घेणे, ही तिची आज्ञा पाळणे नव्हे.

दात न बसवणे हीदेखील एक प्रामाणिक वाट आहे, हे दवाखान्यात क्वचितच सांगितले जाते. नेदरलंड्समधील कायझर यांनी 1981 च्या सुमारास दाखवून दिले, की सुमारे वीस दात जागेवर असतील तर मागच्या काही दाढांवाचून बहुतेकांचे बरे चालते. जपाननेही 1989 पासून ऐंशीव्या वर्षी वीस दात राखण्याचेच ध्येय ठेवले. अर्थात फट तशीच ठेवली तर शेजारचे दात कलू शकतात, समोरचा लांबू शकतो आणि हाड झिजत जाते. चाळिशीतल्या सुनेच्या बाबतीत याचे वजन फार. आजीच्या बाबतीत कमी. भागाकाराला न्याय्य जागा आहे ती येथे.

शिवाय टिकाऊपणाला राखण लागते. इम्प्लांटभोवतीची हिरडी रोज स्वच्छ ठेवावी लागते. कापऱ्या हातांना आणि मंदावलेल्या नजरेला ते जमत नाही. मग ते कोण करणार? कलबुर्गीच्या दंत महाविद्यालयात खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो, आणि 2017 पासून बीदरहून तिकडे रेल्वेही जाते. पण इम्प्लांटच्या कामाला काही महिने आणि अनेक खेपा लागतात. प्रत्येक खेपेला औरादकडच्या म्हातारीबरोबर कोणीतरी एक दिवसाची मजुरी बुडवून निघावे लागते. दंतवैद्याच्या दरपत्रकात हा दिवस नसतो. घरात मात्र बहुधा त्याच्यावरूनच सारे ठरते.