आधी बघ, मग बोल

उभा राहा. हे तूच लिहिलंस ना? ‘राफाएलने डोनी दांपत्याच्या चित्रांत मोनालिसाची नक्कल केली, बाई मात्र त्याला जमली नाही.’ दोन वाक्यांत निकाल लावून मोकळा झालास! मोबाइलवर बोट फिरवण्याला चित्र बघणं म्हणत नाहीत.

लिओनार्दोकडून त्याने उचललं, हे जगजाहीर आहे. तिरकी बैठक, हातावर हात, मागे मोकळा प्रदेश. त्यात तू नवीन काय सांगितलंस? उचललेल्याचं त्याने काय केलं, ते सांगायचं होतं. मोनालिसाच्या मागे धूसर डोंगर आहेत. डोनीच्या बायकोच्या, मादालेनाच्या मागे लख्ख आभाळ आहे आणि त्यावर तिच्या केसांतून सुटलेल्या बारीक बटा उमटल्या आहेत. दिसल्या तुला? मोनालिसाच्या अंगावर एकही दागिना नाही. हिच्या गळ्यात रंगीत खडे आहेत, खाली टपोरा मोती आणि सोन्याचा इवलासा एकशिंगी घोडा, म्हणजे पातिव्रत्याची खूण. तू लिहिलंस ‘पेंडंट’. संपलं!

आणि ‘जमली नाही’ म्हणजे काय रे? चेहरा भरलेला, नजर सावध, ओठ मिटलेले. त्याला जमली नाही, की तुला ती देखणी वाटली नाही? या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फ्लॉरेन्सच्या स्त्रोझ्झी घराण्यातली ही मुलगी १५०४ मध्ये कापडव्यापारी आन्योलो डोनीची बायको झाली. त्यानंतर दोनेक वर्षांत ही चित्रं झाली. राफाएल तेव्हा तेवीस वर्षांच्या आसपासचा, तुझ्याहून फार मोठा नव्हे.

हा डोनी हिशेबाचा पक्का. मिकेलान्जेलोने याच्यासाठी केलेल्या गोल चित्राचे सत्तर दुकात मागितले, तर याने चाळीस पाठवले. घासाघीस अंगाशी आली आणि शेवटी एकशेचाळीस मोजावे लागले, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी सांगतो. असा माणूस कुणाच्या नकलेसाठी थैलीची गाठ सोडील?

चित्रांच्या पाठी तर तुझ्या गावीही नाहीत. नवऱ्याच्या फळीमागे प्रलय रंगवलाय, बायकोच्या फळीमागे त्यातून वाचलेलं जोडपं, देउकालिऑन आणि पिर्रा. ती दोघं पाठीमागे दगड टाकतात आणि त्यांतून माणसं जन्मतात. नव्या संसाराला मुलंबाळं होवोत, ही इच्छा. तो हात राफाएलचा नव्हे, दुसऱ्या चित्रकाराचा. पण पाठीवरची ही गोष्ट सोडून नवरा-बायकोच्या चित्रांवर निबंध होतोच कसा?

मत मांडू नकोस, असं मी म्हणत नाही. मत कमवावं लागतं. सोमवारी नवा निबंध टेबलावर हवा. ‘सुंदर’, ‘नक्कल’, ‘जमलं’ हे तीन शब्द त्यात दिसले, तर न वाचता परत देईन. आधी एक पान फक्त जे दिसतं तेच: बाह्या, अंगठ्या, ओढणी, झाड. मत दुसऱ्या पानावर, आणि तेही उरलं तर. बस खाली.