शिस्त कोणाची?

तुरुंगात शिस्त असतेच. पण ती तुरुंगाधिकाऱ्याची असते. मग बंदिवानाने स्वतःला आणखी शिस्त लावून घेणे म्हणजे पारतंत्र्यात भर घालणे नव्हे काय?

दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटाचा इतिहास आम्हांस वेगळे सांगतो. १९६४ साली नेल्सन मंडेला व त्यांचे सहकारी जन्मठेप भोगण्यासाठी तेथे आले. चुन्याच्या खाणीत कुदळ चालवता चालवता वॉल्टर सिसुलू तरुणांना चळवळीचा इतिहास शिकवीत. मंडेला पहाटे कोठडीत व्यायाम करीत आणि पहारेकऱ्यांची आफ्रिकान्स भाषा शिकत. ज्यांच्याशी पुढे बोलणी करावयाची, त्यांचे मन त्यांच्याच भाषेत जाणावे, हा त्यामागील विचार होता.

हा आज्ञाधारकपणा नव्हे. याच बंदिवानांनी १९६६ साली हालअपेष्टांविरुद्ध उपोषण केले. लादलेली शिस्त पहारेकऱ्याची पाठ वळताच गळून पडते. स्वीकारलेली शिस्त एकांतातही टिकते. द्वेषाला सबळ कारण असतानाही ज्याने त्यावर ताबा मिळविला, त्याचे मन कैदेत नसते, असे आम्हांस वाटते.

आपल्या घरी मुलांना आपण यांपैकी कोणती शिस्त देतो, हे प्रत्येकाने स्वतःशी पडताळून पाहावे.